४ मिमी एमडीएफ काटकोनात जोडल्यावर सांधा उघडतो, चूक नेमकी कुठे?

कोन_नव्वद

पातळ एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेल्या शीटची, वरून उघडी खोकी करतो आहे. बाहेरचं माप ३२० × २२० मिमी, उंची ११० मिमी, शीट ४ मिमी. काप सरळ आहेत, गुण्या लावून तपासले आहेत. एका भिंतीची कड दुसरीच्या पृष्ठावर टेकवली, पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, लावला, बाहेरून मास्किंग टेप ताणून रात्रभर ठेवलं.

दिसायला सांधा चांगला आहे. पण भिंतीची वरची कड बोटाने बाहेर ओढली की वरून खालपर्यंत चेन उघडावी तसा उघडतो, आणि ताकदही फार लागत नाही. उघडलेल्या चार कोपऱ्यांपैकी तिघांत एका तुकड्याच्या कडेला तपकिरी पापुद्रा चिकटून आला आणि समोरच्या पृष्ठावर तेवढ्याच रुंदीची खरवडल्यासारखी पट्टी राहिली. चौथ्या कोपऱ्यात पापुद्रा अजिबात नाही. पृष्ठावर गोंदाची चकचकीत रेघ आणि कड मात्र कोरडी, भुसभुशीत.

प्रश्न असे:
१. याहून कडक गोंद वापरला तर सुटेल का? इपॉक्सी, सायनो (झटपट चिकटणारा गोंद), हॉट ग्लू?
२. कडेत चुका, म्हणजे बारीक खिळे, किंवा स्क्रू मारता येतील का?
३. लेझरवर दातेरी सांधे कापून घेतले तर ही कटकट संपेल का?

बाहेरून रंग द्यायचा आहे, म्हणून बाहेरची बाजू स्वच्छ हवी. आत थोडी जागा गेली तरी चालेल.

---

गुण्या

तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

चौथा कोपरा आधी, कारण तो सोपा आहे. तिथे कडेने गोंद पिऊन टाकला. एमडीएफची दोन्ही पृष्ठं दाबून घट्ट झालेली असतात, मधला गाभा त्यामानाने पोकळ असतो आणि कापलेल्या कडेला तोच उघडा पडतो. गोंदातलं पाणी काही सेकंदांत आत जातं, गोंदही काही प्रमाणात त्याच्यामागे जातो आणि सांध्यात उरायला हवा तो थर उरतच नाही. उपाय असा की कडेला आधी पातळ केलेल्या गोंदाचा एक हात द्यायचा, दोन भाग गोंद आणि एक भाग पाणी. पाचेक मिनिटांनी ओली चमक जाऊन कड मंद दिसायला लागली की वरून घट्ट गोंद लावून लगेच जोडायचं.

उरलेल्या तीन कोपऱ्यांत गोंदाने काम चोख केलं आहे. तिथे तुटलाय तो एमडीएफ. हे एकदा लक्षात आलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: गोंद बदलून काहीही होणार नाही. इपॉक्सी लावलीत तरी तोच पापुद्रा निघेल.

कारण आकड्यांत बघा. एमडीएफसाठीच्या ईएन ६२२-५ या युरोपीय मानकात २.५ ते ४ मिमी जाडीच्या साध्या शीटला वाकण्याची ताकद किमान २३ न्यूटन प्रति चौ. मिमी लागते. पण पृष्ठाला लंब दिशेने ओढून थर सोडवायची ताकद, म्हणजे अंतर्गत बंध, फक्त ०.६५ असला तरी चालतो. तुमचा सांधा सगळा भार नेमका त्याच कमजोर दिशेने टाकतो.

आता एल आकारात जोडलेले दोनच तुकडे घ्या. सांध्याची लांबी ११० मिमी, रुंदी ४ मिमी. उघडायच्या दिशेने त्याचा प्रतिकार रुंदीच्या वर्गावर ठरतो: ११० × ४ × ४ भागिले ६, म्हणजे साधारण २९३. याला ०.६५ ने गुणलं की १९० न्यूटन-मिमी. सांध्यापासून १०० मिमी अंतरावर जेमतेम २०० ग्रॅमचा जोर आला की पापुद्रा सुटायला सुरुवात होते. तीच शीट स्वतः वाकून मोडायला त्याच अंतरावर जवळपास सात किलो लागतील. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्ष शीट किमान आकड्यापेक्षा बरी असते. पण शीट आणि सांधा यांच्यात तीसपटीहून मोठी दरी आहे, ती काही हिशेबाच्या चुकीने आलेली नाही.

कोपऱ्यात आतून १२ × १२ मिमीची लाकडी पट्टी चिकटवली की पृष्ठावर बसणारी रुंदी ४ ची १६ होते. चौपट रुंदी म्हणजे वर्गाच्या हिशेबाने सोळापट प्रतिकार. तेच २०० ग्रॅम आता तीन किलोंवर जातात. गोंद तोच, शीट तीच.

म्हणून पातळ शीटमध्ये ‘कोणता गोंद’ हे आधी विचारू नका. पृष्ठावर किती मिलिमीटर बसतंय, ते विचारा.

---

सरळरेघ

गुण्या यांच्याशी सहमत. पट्टी कशी बसवायची ते मी सांगतो, कारण बहुतेक जण भिंती आधी जोडतात आणि पट्टी मागाहून कोपऱ्यात कोंबतात. तसं केलं की पट्टीच्या दोन बाजूंपैकी एकच नीट टेकते, दुसरीकडे अर्ध्या मिलिमीटरची फट राहते आणि पीव्हीए सुकताना आकसत असल्याने ती भरून येत नाही.

त्याऐवजी पट्टी आधी चिकटवा, शीट टेबलावर सपाट असताना.

पहिलं काम शीटची खरी जाडी मोजण्याचं. ४ मिमी म्हणून आलेली शीट ३.७ ही असू शकते आणि ४.२ ही. व्हर्निअरने चारही बाजूंना मोजा. समजा ३.८ निघाली. मग आखूड भिंती पूर्ण २२० च्या ठेवा आणि लांब भिंती त्यांच्या मध्ये घ्या, म्हणजे लांब भिंत ३२० − ७.६ = ३१२.४ मिमी. तळ ३१२.४ × २१२.४.

लांब भिंती मध्ये का? खोक्यातल्या वस्तू लांब भिंतीला जास्त रेटतात. लांब भिंतीची कड आखूड भिंतीच्या पृष्ठावर बसली असेल तर हा रेटा पृष्ठाला समांतर जातो, सरकवण्याच्या दिशेने, आणि त्या दिशेला एमडीएफ चांगला टिकतो. उलटं केलंत तर हाच रेटा लांब भिंतीचा पापुद्रा ओढतो.

आता पट्ट्या. कोपऱ्यांसाठी १२ × १२, तळासाठी १० × १०. सरळ रेषांच्या नरम लाकडाच्या घ्या, रेषा पट्टीच्या लांबीत. एमडीएफच्याच पट्ट्या कापू नका, त्यांची एक बाजू पुन्हा तीच गोंद पिणारी कड असते.

लांब भिंत टेबलावर आडवी ठेवा. खालच्या कडेला १० × १० ची ३१२.४ लांब पट्टी चिकटवा. तिच्यावर ४.३ मिमी मोकळं सोडा, तिथे तळ येणार आहे. त्या मोकळ्या जागेपासून वरपर्यंत दोन्ही टोकांना १२ × १२ च्या पट्ट्या, साधारण ९४ मिमी लांब, भिंतीच्या टोकाशी बरोबर जुळवून. वर दीड-दोन मिलिमीटर मोकळे राहिले तर रंगाला बरं पडतं, त्याहून जास्त सोडू नका. सांधा उघडायला सुरुवात नेहमी वरच्या टोकापासून होते. पट्टी २० मिमी आखूड ठेवली तर वरचा तेवढा भाग तुमच्या आत्ताच्या सांध्याइतकाच कच्चा राहील.

चिकटवण्याआधी शीटच्या चकचकीत पृष्ठावर जिथे पट्टी बसणार तिथे १५० नंबरचा पॉलिश पेपर दोन-तीन वेळा हलका फिरवा आणि भुसा पुसून काढा. फक्त चमक घालवायची आहे. वरचा घट्ट थर घासून काढलात तर आतला भुसभुशीत भाग उघडा पडेल आणि सांधा आणखी कच्चा होईल.

गोंद किती, तर फार थोडा. चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण धरलं तर एका कोपरा-पट्टीच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्धा ग्रॅमही लागत नाही. बोटाने पसरल्यावर लाकडाचा रंग धूसर दिसत राहावा. पूर्ण पांढरं झालं तर जास्त झालाय. जास्तीचा गोंद दाबल्यावर बाहेर येतो, एमडीएफ त्यातलं पाणी पितो आणि सांध्याशेजारी फुगीर रेघ उठते. ती रंगाखालीही दिसते.

क्लॅम्प थेट ४ मिमी शीटवर लावू नका, शीट तिथे दबते आणि मध्ये उचलली जाते. दोन्हीकडे १८ मिमी फळीचे तुकडे घ्या, त्यांना पॅकिंग टेप गुंडाळा म्हणजे ते चिकटणार नाहीत. ४५ मिनिटं ते तासभर पुरे.

यानंतरची पायरी कुणी टाळू नये. सपाट फळीवर १२० चा पेपर चिकटवा. त्यावर एक चौकोनी ठोकळा उभा ठेवून त्याच्या आधाराने भिंतीचं टोक उभं धरा आणि पाच-सहा वेळा एकाच दिशेने ओढा. कड आणि पट्टी एकत्र घासली जाऊन १५.८ मिमी रुंद एकच सपाट पाया तयार होतो. पट्टीवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारून ठेवा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की थांबा. काटकोन इथेच पक्का होतो, पुढे क्लॅम्प ओढून तो आणता येत नाही.

मग तळ दोन्ही लांब भिंतींच्या त्या ४.३ मिमीच्या फटीत गोंद लावून बसवा. तळ वरून नंतर घालता येणार नाही, कोपऱ्याच्या पट्ट्या आडव्या येतात, म्हणून क्रम हाच. आखूड भिंतींना खाली १९२ मिमी लांब, १० × १० ची पट्टी मधोमध आधीच चिकटवलेली असू द्या. शेवटी दोन्ही आखूड भिंती दोन टोकांना लावून ३२० च्या दिशेने क्लॅम्प करा, दोन खाली, दोन वर.

क्लॅम्प आवळले की लगेच बाहेरचे कर्ण मोजा. दोन्ही ३८८.३ यायला हवेत. एक मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने हाताने दाबून सारखे करा. तळ काटकोनात कापलेला असेल तर याची वेळ सहसा येत नाही.

---

काप_आणि_जळ

तिसऱ्या प्रश्नावर. लेझरचे दातेरी सांधे छान असतात, पण ‘कटकट संपेल’ असं समजू नका. कटकट फक्त वेगळ्या जागी जाते.

दात्यांमुळे भिंत सरकत नाही, जोडताना आपोआप जागेवर बसते, आणि वरून चेनसारखं उघडत जाणं थांबतं, कारण प्रत्येक दाता स्वतंत्र अडतो. गोंदाची जागा मात्र फार वाढत नाही. दात्यांच्या बाजू म्हणजे शेवटी कडाच, तोच पोकळ गाभा.

मापं: ११० मिमी उंचीला ११ भाग करा, प्रत्येकी १० मिमी. विषम संख्या घेतली की एका भिंतीला सहा दाते, दुसरीला पाच आणि दोन्ही टोकं सारखी येतात. दात्याची रुंदी जाडीच्या दोन ते चार पट ठेवावी. ४ मिमी शीटला ५ मिमीचे दाते केले तर बसवतानाच तुटतात. दात्याची लांबी छापील जाडीवर धरू नका, व्हर्निअरने मोजलेल्या जाडीवर धरा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या किरणाच्या रुंदीच्या हिशेबात. किरण रेषेच्या मधोमध चालतो. समजा तो ०.१५ मिमी रुंद जाळतो. दाता १० चा काढला तर कापून ९.८५ येतो आणि खाच १०.१५ होते. एकूण ढिलाई ०.३. एवढ्या ढिल्या सांध्यात पीव्हीए काही कामाचा नाही. प्रत्येक रेषा भरीव भागाच्या बाहेरच्या बाजूला किरणाच्या अर्ध्या रुंदीने, म्हणजे इथे ०.०७५ ने सरकवा. मग दाता आणि खाच दोन्ही १० चे येतील. गोंदासाठी ०.०५ ढिलाई ठेवली की हाताने दाबून बसतं. ठोकावं लागत असेल तर माप चुकलं आहे, कारण ठोकल्याने दात्याचे थर सुटतात आणि ते बाहेरून दिसतही नाही.

किरणाची रुंदी यंत्र, लेन्स आणि शीट बदलली की बदलते. त्यामुळे आधी एक चाचणी-फणी कापा, खाचा ९.८० पासून १०.१० पर्यंत ०.०५ च्या फरकाने. ज्या खाचेत दाता अंगठ्याने दाबून बसतो आणि उलटा धरला तर पडत नाही, ते माप घ्या.

जळलेल्या कडेवरची काजळी गोंदाला पृष्ठापर्यंत पोचू देत नाही. कोरड्या ब्रशने झाडा आणि २४० चा पेपर एक-दोनदा फिरवा, त्याहून जास्त नाही. जास्त घासलं की मघाशी एवढ्या मेहनतीने मिळवलेलं बसणं ढिलं होतं. काजळी ओल्या फडक्याने पुसू नका, ती पृष्ठावर पसरते आणि डाग फिकट रंगातून वर येतो.

रंग द्यायचा आहे म्हणून आणखी एक. बाहेरून दात्यांची टोकं दिसतात आणि ती कडा असल्याने रंग जास्त पितात. दोन-तीन थरांनंतरही चौकडे उमटून दिसतात. बाहेरची बाजू स्वच्छ हवी असेल तर हा सांधा तुमच्यासाठी नाही, असं माझं मत.

---

कोन_नव्वद

सगळ्यांचे आभार, पापुद्र्याचं कारण आता कळलं. शीट मोजली, ३.८ च आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पट्टी नको असेल तेव्हा, म्हणजे काही खोक्यांत आतले कोपरेही स्वच्छ हवे आहेत, तेव्हा काय करायचं? आणि आत फुलीसारखे कप्पे करायचे आहेत, त्या भिंती मध्यभागी कशा उभ्या करू?

कडेला पातळ गोंदाचा हात देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जोडायचं, असंही वाचलं होतं. ते चालेल का?

---

गुण्या

शेवटचं आधी: पूर्ण वाळू देऊ नका. वाळलेल्या पीव्हीएच्या थरावर ताजा पीव्हीए नीट धरत नाही. शिवाय पाण्याने कडेचे तंतू उभे राहतात, ते घासावे लागतात आणि घासताना भरलेली कड पुन्हा उघडी पडते. रंगाआधी कड बंद करायची असेल तर वाळू देणं बरोबर आहे. जोडण्यासाठी मात्र कड किंचित चिकट असतानाच दुसरा हात.

---

तिरका_काप

आतून-बाहेरून दोन्हीकडे स्वच्छ हवं असेल तर ४५ अंशाचा काप. पण तो काय देतो आणि काय देत नाही, हे समजून करा.

४ मिमी शीटला ४५ अंशाचा काप दिला की कड ४ ऐवजी ५.६६ मिमी रुंद होते. गुण्या यांच्या हिशेबाने प्रतिकार दुपटीच्या आसपास. पट्टीच्या सोळापटीपुढे हे काहीच नाही. सांधा दिसायला सर्वात सुंदर, ताकदीला मध्यम. वजन ठेवायचं नसलेल्या खोक्यांना आणि डब्यांना योग्य.

जोडण्यासाठी टेपची बिजागरी करतात. चारही भिंती टेबलावर बाहेरची बाजू वर करून, टोकाला टोक भिडवून एका ओळीत ठेवा. मागे सरळ पट्टी धरा म्हणजे ओळ वाकडी होणार नाही. प्रत्येक सांध्यावर आधी दोन-तीन आडवे तुकडे ताणून लावा आणि मग सांध्याच्या लांबीत पूर्ण पट्टा. चौथ्या भिंतीच्या मोकळ्या टोकाला टेपची शेपटी सोडा. सगळं उलटं करा. आता व्ही आकाराच्या तीन खोबणी वर दिसतात. त्यांत आणि दोन्ही टोकांना पातळ हात, पाच मिनिटं थांबा, मग घट्ट गोंद. तळ मध्ये ठेवून भिंती घडी घातल्यासारख्या उचला आणि शेपटी ओढून शेवटचा कोपरा बंद करा.

टोकं भिडवताना सांधा ओढून न लावता नुसता टेकवून टेप लावलीत तर घडी घातल्यावर बाहेर बारीक फट दिसते. टेप लावताना ती ताणलेली असली पाहिजे.

दोष बहुतेक कोनाचा असतो. चार कोपऱ्यांत आठ काप येतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला तर एकूण चार अंशांची चूक साठते आणि ती सगळी शेवटच्या कोपऱ्यात उघडी पडते. फट आतून दिसत असेल तर कोन ४५ पेक्षा जास्त कापला आहे, बाहेरून दिसत असेल तर कमी. यंत्रावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. दोन तुकडे कापून ते गुण्यात धरून उजेडाकडे बघा.

बाहेरचं धारदार टोक एमडीएफमध्ये फार नाजूक असतं, हाताळतानाच पिसासारखं सुटतं. बारीक दातांचं पातं घ्या आणि शीटखाली टाकाऊ शीटचा तुकडा ठेवून कापा. टोक थोडं तुटलंच तर सांधा ओला असताना गोल दांड्याने, स्क्रूड्रायव्हरच्या गुळगुळीत दांडीने वगैरे, कोपऱ्यावरून दाबून फिरवा. तंतू आत वळून बारीक फट बंद होते.

ताकद वाढवायची असेल तर आतून सुती कापडाची २० मिमी रुंद पट्टी, पातळ केलेल्या पीव्हीएत भिजवून, पिळून, कोपऱ्यात १०-१० मिमी बसवा आणि बोथट कडेने आत दाबा. लाकडी पट्टीच्या १२ मिमीऐवजी जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा जाते आणि रंगाखाली जवळपास दिसत नाही. उघडताना ताण आधी कापडावर येतो, पापुद्र्यावर नाही.

पताम, म्हणजे कडेला पायरीसारखी खाच, काढायचा विचार करत असाल तर ४ मिमीमध्ये करू नका. दोन मिलिमीटर खाच मारली की खाली दोनच उरतात आणि बसायची जागा गाभ्यात येते, म्हणजे शीटच्या सर्वात कच्च्या थरात. ६ मिमी शीटमध्ये ३ खोल, ६ रुंद पताम निघतो आणि उपयोगीही आहे. तिथे तळ आणि भिंत दोन्ही दिशांनी टेकतात.

---

सरळरेघ

कप्प्यांचं सोपं आहे. फुलीच्या दोन्ही भिंतींना अर्ध्या उंचीच्या खाचा, एकीला वरून, दुसरीला खालून. खाचेची रुंदी ३.८ + ०.१५, म्हणजे ३.९५ च्या आसपास. खोली अर्ध्या उंचीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त, नाहीतर वरच्या कडा एका पातळीत बसत नाहीत. रंग देणार असाल तर रुंदीत आणखी ०.२ सोडा. रंगाचा थर दोन्हीकडून चढतो आणि रंग दिल्यावर बसत नाही म्हणून खाच कानशीने घासायची वेळ येते. बसवताना कोरडंच बसवा, गोंद लागत नाही.

बाहेरच्या भिंतीला जिथे कप्पा भेटतो तिथे कड चिकटवू नका, तोच तुमचा जुना सांधा होईल. ६ × ६ मिमीच्या दोन पट्ट्या ४.२ मिमी अंतरावर उभ्या चिकटवा आणि कप्पा त्यांच्यामध्ये वरून सरकवा. पट्ट्यांमधलं अंतर राखायला शीटचाच तुकडा मेणचट कागदात गुंडाळून मध्ये ठेवा आणि गोंद धरला की, साधारण २० मिनिटांनी, काढून घ्या. विसरलात तर तो तुकडा नंतर बाहेर येत नाही.

---

चिकट

पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाचं राहिलेलं.

कडेत चुका: ४ मिमीच्या कडेत काहीही मारू नका. नेलरच्या, म्हणजे खिळे मारायच्या यंत्राच्या, १८ गेजच्या चुका साधारण सव्वा मिलिमीटर जाड असतात, कडेत गेल्या की दोन्ही पृष्ठं फुगून थर उघडतात. २३ गेजची बिनडोक्याची पिन ०.६ मिमीच असते, तरी दोन्हीकडे दीड-पावणेदोन मिलिमीटरच उरतात आणि पिन थोडी तिरकी गेली की पृष्ठातून बाहेर येते. स्क्रूचा विचारच नको. लाकडी पट्टीत मात्र पिन चालते: बाहेरून शीटमधून पट्टीत, १२ मिमी लांब, कडेपासून किमान १० मिमी आत, ११० च्या उंचीत दोन. तिचं काम गोंद सुकेपर्यंत धरून ठेवण्याचं. पुढे भार गोंदच घेतो.

खोकं पुन्हा उघडता यायला हवं असेल तर एम३, म्हणजे ३ मिमी जाडीचा, बोल्ट आणि टी आकाराची खाच. शीटमध्ये नटासाठी ५.५ मिमी लांब आणि अडीच मिमी रुंद आडवी खाच, तिच्या मधून ३.२ ची उभी. नट ५.५ मिमीचं, जाडी २.४, त्यामुळे सैल पडत नाही. डोक्याखाली वॉशर हवाच. बोटाने घट्ट झाल्यावर पाव फेरा, त्यापुढे नट खाचेचा कोपरा फोडतं.

गोंदांपैकी:

सायनो पटकन धरतो पण ठिसूळ असतो, खोकं एकदा पडलं की सांधा काचेसारखा सुटतो. पातळ सायनो कडेत नुसता झिरपून जातो, घ्यायचाच तर जेल. त्याचा चांगला उपयोग क्लॅम्प म्हणून: पट्टीवर पीव्हीए पसरा, दोन टोकांना एकेक थेंबाची जागा कोरडी ठेवून तिथे जेल. मिनिटभर दाबून धरलं की क्लॅम्पशिवाय हलवता येतं.

हॉट ग्लू जाड थर देतो, त्यामुळे काटकोन बिघडतो, आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत तो मऊ पडतो. जोडणी तपासण्यापुरता ठीक.

कॉन्टॅक्ट गोंद या कामाला अजिबात नाही. टेकला की सरकवता येत नाही आणि सतत भार राहिला तर हळूहळू सरकतो.

इपॉक्सी दोनच ठिकाणी कामाची. फट राहिलेली असेल तर, कारण ती आकसत नाही. आणि आतल्या कोपऱ्यात गोलसर भर घालायला: एमडीएफचाच चाळलेला भुसा मिसळून लोण्यासारखी घट्ट करा, कोपऱ्यात भरा आणि १२ मिमी जाड गोल दांडी ओढून आकार द्या. लाकडी पट्टीला हा खरा पर्याय आहे, कोन ९० चा नसेल तर पट्टीपेक्षाही सोयीचा. दोन्हीकडे आधी मास्किंग टेप लावून ठेवा आणि इपॉक्सी घट्ट व्हायच्या आत काढा. भुसा चाळताना आणि कडा घासताना एन९५ किंवा एफएफपी२ मास्क लावा. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ असते.

पाण्याचा गोंद किंवा पाण्याचा रंग वापरताना शीटच्या दोन्ही बाजूंना सारखाच लावा. एकाच बाजूला लावला की शीट वाकते आणि कालपर्यंत सरळ असलेली भिंत मधून पोट काढते. ४ मिमीच्या साध्या एमडीएफला २४ तास पाण्यात राहिल्यावर ३५ टक्क्यांपर्यंत फुगण्याची मानकातच मुभा आहे. म्हणून उघडी कड कुठेही उघडी ठेवू नका, तळाखालचीसुद्धा.

---

गुण्या

सगळी खोकी करण्याआधी टाकाऊ शीटचे १०० मिमी लांबीचे चार जोड करा: नुसती कड, पातळ हात देऊन कड, पट्टीचा, कापडाचा. एक पूर्ण दिवस ठेवा. तासाभराने क्लॅम्प काढता येतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात, आणि खोली फार गार असेल तर गोंद खडूसारखा पांढरा पडून वाळतो, तो जोड मोजू नका.

मग हाताने उघडा आणि तुटलेली जागा उजेडात तिरकी धरून बघा. चकचकीत गोंद आणि कोरडी कड दिसली तर गोंद कमी पडला किंवा कडेने प्याला. पूर्ण लांबीभर सलग पापुद्रा आला तर गोंद पुरेसा आहे, रुंदी कमी आहे. पापुद्रा तुकड्यातुकड्यांत, मध्ये मोकळी जागा सोडून आला असेल तर टेकणं सारखं नाही, टोक पुन्हा फळीवर घासा. आणि सांधा तसाच राहून शीटच पट्टीच्या शेजारी वाकून मोडली, तर त्या मापाने पुढची खोकी कापायला घ्या.